मलप्पाच्या हातचं कापड

श्रद्धानं बंगळुरूची नोकरी सोडली त्या दिवशी तिच्या हातात स्टॉपवॉच होतं. परदेशात कपडे पाठवणाऱ्या एका कारखान्यात ती देखरेखीला होती. एक बाही जोडायला बाईला किती सेकंद लागतात ते मोजायचं, आणि उद्या त्यातले दोन कसे वाचतील ते सांगायचं, हे तिचं काम. चौथ्या रांगेतल्या एका बाईनं बाथरूमला जायला दोनदा परवानगी मागितली, दोनदा मिळाली नाही. तिसऱ्यांदा तिनं मागितलीच नाही. स्टुलाखालची फरशी ओली झाली. तिनं मशीन थांबवलं नाही, आजूबाजूच्या बायकांनी मानही वर केली नाही. श्रद्धानं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून गेली, ती परत तिथं गेलीच नाही.

बारा वर्षांच्या नोकरीनंतर ती लातूरला वडिलांकडे आली. बापूसाहेब निवृत्त मुख्याध्यापक. आई जाऊन पाच वर्षं झालेली, लेकीचं लग्न टिकलेलं नव्हतं. त्यांनी फारसं काही विचारलं नाही. "करायचं काय ठरवलंयस?" एवढंच म्हणाले.

"कपडे शिवणार," ती म्हणाली. "पण माणसासारखे."

माणसासारखे म्हणजे काय ते पुढच्या वर्षभरात हळूहळू ठरत गेलं. नांदेडला स्टेशनच्या मागं तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, कारण तिला हव्या तशा शिवणाऱ्या बाया किनवटच्या रेल्वेलाइनवरच्या गावांत सापडल्या आणि त्यांना गाडीतून उतरून चालत येता यायला हवं होतं. तयार माल ठेवायचा नाही, असं तिनं ठरवलं. बाई यावी, तिच्या अंगावर माप घ्यावं, मगच कापडाला कात्री लागावी. शिवणाऱ्या बाईला नगावर पैसे नाहीत, रोजाची मजुरी. दुपारी एक तास जेवण, संध्याकाळच्या गाडीच्या आधी काम बंद. आणि प्रत्येक कपड्याला एक चिठ्ठी, तिच्यावर शिवणारीचं नाव, विणणाऱ्याचं नाव. या सगळ्याला तिनं 'बेत' म्हणायचं ठरवलं. बापूसाहेबांनी कागदावर ते नाव आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं आणि तीच पाटी झाली.

पहिलं गिऱ्हाईक बापूसाहेबांच्याच शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, इंदूताई. कॅन्सरमध्ये त्यांची छातीची एक बाजू काढलेली. चार वर्षं त्या अंगावर शाल घेऊन वावरत होत्या, भर उन्हाळ्यातसुद्धा. लातूरच्या घरी, आतल्या खोलीत दार लावून श्रद्धानं त्यांचं माप घेतलं. टेप त्या व्रणावरून फिरला तेव्हा इंदूताईंनी डोळे मिटले आणि बोलत राहिल्या. नवऱ्यालाही न सांगितलेलं बरंच काही बोलल्या. श्रद्धानं चार वेळा कच्चं शिवण घातलं, उसवलं, मुंढा बदलला, एका बाजूला आतून सुती थर दिला. पाचव्यांदा ब्लाउज घालून इंदूताई आरशासमोर उभ्या राहिल्या. हात वर केला, खाली घेतला. मग शाल न घेता तशाच बाहेर गेल्या आणि बापूसाहेबांना म्हणाल्या, "सर, चहा मी करते आज."

तिथून पुढं तोंडातोंडी नाव झालं. पाठीत बाक असलेल्या, एक पाय आखूड असलेल्या, बाळंतपणानंतर कुठल्याच दुकानातलं काही अंगाला न येणाऱ्या बाया यायला लागल्या. आणि ज्यांना काहीच अडचण नव्हती अशाही आल्या, कारण त्यांना ती चिठ्ठी आवडायची.

चिठ्ठीवर मलप्पाचा फोटो असायचा. तो तिला उदगीरच्या एका प्रदर्शनात भेटला होता, देवणीच्या पुढं कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या खेड्यातला. सत्तरीच्या आसपासचा, हातमागावर सुती कापड विणणारा, त्या भागातला बहुधा शेवटचाच. कापड जाडसर पण धुतल्यावर मऊ पडणारं, काठाला तांबडी रेघ. श्रद्धा त्याच्या गावी गेली, दिवसभर मागाजवळ बसली, त्याची बायको गौरम्मा सुताच्या कांड्या भरताना पाहिली, जेवली, फोटो काढले. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, आडवा धागा टाकायचा धोटा हातात धरून हसणारा मलप्पा. बायकांना तो फोटो इतका आवडला की काहीजणी ती चिठ्ठी कपाटात जपून ठेवायच्या.

त्यानंतर ती त्याच्या गावी पुन्हा गेली नाही. काम वाढत गेलं. कापड लागलं की फोन करायची, आठ-पंधरा दिवसांत एसटीच्या पार्सलनं गठ्ठा यायचा.

तिसऱ्या वर्षाच्या थंडीत एका सकाळी पंचशीलानं कात्री खाली ठेवली. पंचशीला हिमायतनगरची, शिवणाऱ्या चौघींत सगळ्यात जुनी, बेतण्याचं काम तिच्याकडं.

"ताई, एक बोलू का? रागावू नका."

"बोल की."

"कापड लई सरळ येऊन राहिलंय."

"म्हणजे?"

"आधी पन्ना कुठं अर्धा इंच कमी भरायचा, कुठं जास्त. मधीच सुताची गाठ. मला दर वेळी खडू फिरवून मांडावं लागायचं. आता वरपासून खालपर्यंत पट्टी लावल्यागत हाय. वरीस झालं असंल बघा."

"हात बसला असेल त्यांचा," श्रद्धा म्हणाली.

पंचशीलानं तिच्याकडं नुसतं पाहिलं. "सत्तर वर्साच्या माणसाचा?"

श्रद्धानं कापडाचा काठ दोन बोटांत धरला. बारा वर्षं तिनं कपड्यांच्या कारखान्यात काढली होती, कुठलं कापड कुठल्या मागावरून उतरलंय ते तिला डोळे मिटून सांगता यायचं. खरं सांगायचं तर तिच्या बोटांना हे आधीच कळलं होतं. गठ्ठा उघडताना काठावर रेंगाळणारी बोटं तिनं प्रत्येक वेळी लगेच उचलली होती.

दुसऱ्या दिवशी ती लातूरला गेली, तिथून उदगीर, देवणी, आणि मग जीपनं मलप्पाच्या गावी. फोन केला नव्हता.

दारात गौरम्मा ज्वारी निवडत बसली होती. तिला पाहिलं आणि सूप हातातच राहिलं. "या अक्का," म्हणाली, पण आत या म्हणाली नाही. श्रद्धाच आत गेली.

माग जागेवर होता. त्यावर गोधड्यांची चळत, वर एक फुटका पंखा. ज्या खड्ड्यात पाय सोडून मलप्पा बसायचा तो काठापर्यंत कांद्यांनी भरलेला. मलप्पा कोपऱ्यात खाटेवर होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"कधी झालं हे?" तिनं विचारलं.

"दीड वरीस," गौरम्मा मागून म्हणाली. "सकाळी उठले तर उजवं अंग गेल्यालं. बिदरला नेलं. पाय आला थोडा. हात न्हाई आला."

"आणि कापड?"

गौरम्मानं खाटेकडं पाहिलं. मग मलप्पाच बोलला. त्याची जीभ जड झाली होती, एकेक शब्द तो ओढून आणत होता. "यंत्रमागाचं. एक व्यापारी देतोय. काठाला तांबडी रेघ घालून दे म्हणलं त्याला."

"मला सांगायचं ना हो."

"तुमचा फोन यायचा," तो म्हणाला. "कापड कधी येतंय, इचारायच्या. दर खेपंला. एकदा बी इचारलं न्हाई, मलप्पा, कसा हाईस."

ती उभीच होती. गौरम्मा पुढं आली, तिचा हात धरून खाली बसवलं. "भ्यालो अक्का आम्ही. कापड बंद झालं म्हणलं असतं तर तुमी दुसरा बघितला असता. मग आमी काय खायचं?"

श्रद्धाला म्हणावंसं वाटलं की मी तसं केलं नसतं. पण तिला ते स्वतःलाच खात्रीनं सांगता येईना. तिनं पाणी घेतलं, चहा घेतला. निघताना मलप्पा डाव्या हातानं नमस्कार करायला गेला, त्याला एका हातानं तो करता येईना, तर ती घाईनं वळली.

लातूरला घरी आल्यावर तिनं बापूसाहेबांना सगळं सांगितलं. बापूसाहेबांचा सगळ्या तालुक्यात लौकिक होता. कॉपी करताना सापडला म्हणून त्यांनी स्वतःच्या पुतण्याला परीक्षेतून उठवलं होतं. ते काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं, किंबहुना ते ऐकायलाच ती आली होती.

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "इंदूताईंच्या भाचीचं लग्न कधी आहे?"

"महिन्यानं. चौदा जणींचे कपडे आपल्याकडं आहेत. निम्मे बेतून झालेत."

"मग लग्न होऊ दे," ते म्हणाले. "नंतर बघू. कापड सुतीच आहे ना? माप खरं आहे. बायकांना तू मजुरी खरी देतेस. एवढी एक गोष्ट सोडली तर..."

"बापू, तुम्ही असं म्हणताय?"

"मी म्हातारा झालोय," ते म्हणाले. "तुला परत रिकामी बसलेली बघायचं नाही मला."

त्यांनी 'सांगून टाक' म्हटलं असतं, त्याहून हे ऐकणं तिला जड गेलं.

नांदेडला आल्यावर अकरा दिवस ती कुणाला काही बोलली नाही. काम चालू राहिलं. त्या अकरा दिवसांत दोन पार्सलं गेली, एक परभणीला, एक पुण्याला. चिठ्ठ्या ओवायचं काम पंचशीलाचं. पण त्या दोन्ही वेळा श्रद्धानं ते स्वतःकडं घेतलं. धोटा धरून हसणारा मलप्पा, वर छापलेलं 'हातमागावर विणलेलं', आणि तिनं दोरा ओवला, गाठ मारली, खोकं बंद केलं. पंचशीला समोर बसून काज करत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिची सुई थांबलेली श्रद्धाला दिसली.

बाराव्या दिवशी सकाळी श्रद्धानं खुर्चीवर बसून फोनवर लिहायला घेतलं. सगळं लिहिलं. कापड गेलं दीड वर्ष हातमागाचं नाही. विणणारा आजारी आहे, त्याचा दोष नाही, मी जाऊन पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. कळल्यावरही दोन पार्सलं मी खोट्या चिठ्ठीसकट पाठवली. ज्यांना परत द्यायचं असेल त्यांचं घेईन. दोनदा वाचलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम पाठवून दिलं. पाठवल्यावर तिला मोकळं वाटलं. ते पंधरा-वीस मिनिटं टिकलं असेल.

पहिल्यांदा उत्तरं आली ती चांगली. कुणी अंगठ्याचं चित्र पाठवलं. कुणी लिहिलं, कापड छान आहे, आम्हाला कुठं कळतंय त्यातलं. हे वाचून तिला बरं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. तीन वर्षं ती ज्यासाठी जिवाचं रान करत होती ते कुणाला नकोच होतं की काय, असं वाटून तिनं फोन पालथा ठेवला.

दुपारपर्यंत कुणीतरी तिचा मजकूर आणि मलप्पाची चिठ्ठी जोडून पुढं पाठवली. 'गरिबांच्या नावावर धंदा.' 'या म्हाताऱ्याला ओळखा.' संध्याकाळपर्यंत ते लातूरच्या ग्रुपांवर फिरत होतं, दुसऱ्या दिवशी उदगीरला पोचलं. तिनं ज्या फोटोखाली त्याचं नाव मानानं छापलं होतं, त्याच फोटोखाली लोकांनी 'फसव्या' लिहिलं.

इंदूताईंचा फोन तिसऱ्या दिवशी आला.

"भाचीच्या घरच्यांनी नको म्हटलंय," त्या म्हणाल्या. "मेन रोडच्या दुकानातून तयार घेतलं सगळं. एका दुपारीत झालं. ते मी तुला सांगणार नव्हते, पण कळलेलं बरं."

"मी समजू शकते, इंदूताई."

"नाही, थांब. ते कापडाचं जाऊ दे. मला एकच विचारायचंय. तू मला सगळ्यांच्या बरोबर मेसेज केलास?"

श्रद्धानं फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"त्या खोलीत दार लावून मी तुला काय काय सांगितलं होतं," इंदूताई म्हणाल्या. "तुला एक फोन करता आला नाही मला? मी गिऱ्हाईकच होते तर मग." आणि त्यांनी हळूच, न रागावता फोन ठेवला. त्यानंतर श्रद्धानं त्यांना तीनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही.

त्याच आठवड्यात गौरम्माचाही फोन आला. मागं गल्लीचा गलका ऐकू येत होता. "अक्का, गावातली माणसं ह्यांना मोबाईल दाखवून राहिलीत. म्हणतेत, मलप्पा, तू लई मोठा झालास. हे जेवंना झालेत. तेवढा फोटो काढून टाका की तुमी."

"गौरम्मा, तो आता माझ्या हातात नाही."

"तुमीच काढला हुता न्हवं?"

"हो. मीच."

"मग काढा की," गौरम्मा म्हणाली. फोटो कसा परत घेता येत नाही ते श्रद्धा तिला समजावून सांगू लागली, पण पलीकडून नुसता गलकाच येत राहिला. गौरम्मानं फोन तसाच चालू ठेवून कुठंतरी खाली ठेवला असावा.

महिन्याच्या शेवटी, गिऱ्हाइकं यायची थांबल्यावर, चौघींना समोर बसवून तिनं सांगितलं की काम बंद करावं लागेल. इस्लापूरची गुणाबाई रडली, म्हणाली, आता परत कापूस वेचायला. दोघींनी आपापले डबे पिशवीत भरले. पंचशीला मात्र उठून उभी राहिली.

"ताई, तुमाला कुणी सांगायला लावलं होतं?"

"खोटं होतं ते, पंचशीला. तूच दाखवलंस मला."

"म्या तुमाला दाखवलं. तुमाला एकटीला. दुसरा माग शोधा, चिठ्ठी बदला, काय बी करा म्हणून दाखवलं. सगळ्या जगाला सांगा म्हणून न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता, पण कानशिलं लाल झाली होती. "आमाला इचारलं का? आमी चौघीजणी हितं बसून राहिलो. एका शब्दानं इचारलं का, बायांनो, मी असं करायलेय, तुमचं काय हुईल?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"हाव. नकोच म्हणलं असतं. म्हणूनच इचारलं न्हाई तुमी."

श्रद्धानं टेबलावरची टेप गुंडाळली. बंगळुरूच्या कारखान्यात कुणी कुणाला विचारत नव्हतं. तसं इथं होऊ द्यायचं नाही म्हणून तिनं हे सगळं मांडलं होतं. आणि रोजानं मजुरी द्यायची, सहाच्या आत काम थांबवायचं, चिठ्ठीवर नाव छापायचं, यातलं काय काय तिनं या बायांना विचारून केलं होतं, ते तिला आठवून पाहावं लागलं. आठवेना.

"मशीन घेऊन जा तुझं तू," ती शेवटी म्हणाली. "प्रत्येकीनं आपापलं न्या."

"ठेवू कुठं?" पंचशीला म्हणाली. "एका खोलीत सहा माणसं हाव आमी." पण न्यायला तिसऱ्या दिवशी एक टेम्पो घेऊन आली, आणि श्रद्धाला नंतर कळलं की ते तिनं भोकरला विकलं.

उन्हाळ्यात श्रद्धा लातूरला परत आली. बापूसाहेबांच्या एका विद्यार्थ्याचं क्लासला येणाऱ्या मुलींचं वसतिगृह होतं, तिथं ती रेक्टर म्हणून लागली. सकाळी हजेरी, डब्यांची तक्रार, आजारी मुलीच्या आईला फोन. शिवणाचं कुणी विचारलं तर ती म्हणायची, मला नाही येत. बापूसाहेब तिच्याशी पूर्वीपेक्षा हळू बोलायचे, आजाऱ्याशी बोलावं तसं. त्याचा तिला राग यायचा आणि राग येतोय याची लाजही वाटायची. देवणीला जायचं तिनं दोनदा ठरवलं. एकदा उदगीरपर्यंत जाऊनही आली. पुढची जीप भरत होती, ड्रायव्हर हाका मारत होता, ती स्टँडवर उभी राहून परतीच्या गाडीत बसली.

दिवाळीनंतर नांदेडच्या घरमालकानं उरलेलं सामान न्यायला बोलावलं. दोन पेट्या कापड होतं. तिनं ते कुणाला द्यावं ते न सुचून तिथंच एका आश्रमशाळेच्या माणसाकडं दिलं. बसस्टँडकडं येताना गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या शेडबाहेर बायका डबे खात बसल्या होत्या. त्यात पंचशीला होती.

दोघींनी एकमेकींना एकदम पाहिलं. पंचशीला डबा खाली ठेवून उठली. अंगानं वाळली होती, आणि मान एका बाजूला धरून बोलत होती.

"बऱ्या हात का ताई?"

"हो. तू?"

"चाललंय. हितं नगावर हाय. तुमच्यापेक्षा जास्त पडतंय महिन्याला." हे सांगताना तिनं टोमणा मारला नाही, आणि तेच श्रद्धाला सोसवेना. "फक्त मान धरते. सगळ्यांचीच धरते."

"पंचशीला, मी परत सुरू केलं तर... लहानसंच. या वेळी सगळं विचारून. तू म्हणशील तसं."

पंचशीलानं थोडा वेळ विचार केला. खरोखर केला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "न्हाई येणार म्या," ती म्हणाली. "तुमी चांगल्या हात ताई. पण तुमच्याकडं परत जीव लावायची ताकद न्हाई आता माझ्यात. हितं बरंय. हितं काही मोडलं तर नुसतं काम जातंय."

शेडमध्ये घंटा झाली. बायका डबे झाकून उठल्या. पंचशीलाही गेली, अर्धी भाकरी तशीच डब्यात ठेवून. श्रद्धानं आत पाहिलं नाही. मशीनं एकदम सुरू झाल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

लातूरची बस मिळाली तेव्हा चार वाजले होते. खिडकीजवळ जागा मिळाली. लोहा गेलं, अहमदपूर आलं. तिथं गाडी दहा मिनिटं थांबते. सगळे चहाला उतरले. शेजारची म्हातारी म्हणाली, "चला की बाई, पाय मोकळे होतील." श्रद्धानं मानेनंच नको म्हटलं. रिकाम्या गाडीत ती एकटी बसून राहिली, कंडक्टर परत येऊन दार लावेपर्यंत.